पहिला क्लॅम: डेरासा, क्रोसिया की फ्लेम स्कॅलप?

खारट_पाणी (न्यू जर्सी)
७५ गॅलनचा रीफ टँक (खाऱ्या पाण्यात कोरल म्हणजे प्रवाळ वाढवायची टाकी), ४ फूट लांब, १८ इंच रुंद, सुरू होऊन पाच महिने झाले. सॉफ्ट कोरल आणि दोन एलपीएस (मोठ्या तोंडाचे कठीण कोरल) मजेत आहेत. आता एक क्लॅम (जिवंत समुद्री शिंपला) घ्यायचाय. दुकानात निळाशार क्रोसिया आहे, डेरासा आहे, आणि सगळ्यांत स्वस्त लालभडक फ्लेम स्कॅलप. दुकानदार स्कॅलपच घ्या म्हणतोय.
पार मीटरवर (शैवालाच्या उपयोगाचा उजेड मोजणारा) वाळूपाशी १६०-१८०, वरच्या दगडावर ३००. अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ८.२ डीकेएच, कॅल्शियम ४३०, मॅग्नेशियम १३२०, सॅलिनिटी १.०२५. नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्य. मासे: क्लाउनची जोडी, कोरल ब्यूटी (छोटा एंजल मासा), सिक्सलाइन रॅस.

शिंपलेबाज
डेरासाच घ्या. पण या महिन्यात नको.

स्कॅलप आधी डोक्यातून काढा. डेरासा, क्रोसिया हे ट्रायडॅक्ना क्लॅम; त्यांच्या मँटलमध्ये (कवचाबाहेर पसरणारा रंगीत मांसल पदर) शैवाल राहतं, त्यामुळे त्यांचं बरंचसं पोट उजेडावर भरतं. स्कॅलपकडे ती सोय नाही. तो आपल्या तिसऱ्यांसारखा पाणी गाळून खाणारा, त्याला सतत फायटोप्लँक्टन हवं. घरच्या टँकमध्ये तो काही महिन्यांत उपाशी मरतो, आणि कवचामुळे खंगलेला कळतही नाही.

क्रोसिया १५ सेंमीच्या आसपास थांबतो म्हणून सोयीचा वाटतो, पण त्याला ३५० च्या पुढे पार लागतो आणि तो मुळात खडकात भोक पाडून राहणारा. तुमच्या वाळूवर तो टिकायचा नाही. डेरासाला तुमचा वाळूवरचा उजेड पुरेल. पलाऊसारख्या बेटांवर तो हॅचरीत वाढवतात, त्यामुळे शेतीतला मिळतो.

लेबलवर जाऊ नका, कवच बघा. डेरासाचं बरंचसं गुळगुळीत असतं, त्याच गटातल्या स्क्वामोसाच्या कवचावर लांब लांब उभे खवले असतात. ७ ते १० सेंमीचा घ्या, ५ सेंमीच्या आतला नको. वरून हात फिरवा, सावली पडताच मँटल आत ओढला गेला पाहिजे. पाणी आत घेणारं तोंड आ वासून असेल किंवा मधला भाग पांढरा पडला असेल तर तो क्लॅम तिथेच राहू द्या.

रीफ_काकू
कुणी बोललं नाही म्हणून सांगते, तुमची अडचण तो शून्य नायट्रेट आहे. क्लॅमचं शैवाल पाण्यातला नायट्रोजन खातं. नायट्रेट ५-१० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ येईपर्यंत थांबा. जीएफओ (फॉस्फेट शोषून घेणारा फिल्टरचा माल) लावला असेल तर काढा, माशांचं खाणं थोडं वाढवा. टँकला आठ महिने होऊ द्या, तोवर अल्कलिनिटी दिवसभरात ०.५ पेक्षा जास्त हलत नाही याची खात्री होईल. वाढता क्लॅम कवचासाठी कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही ओढतो.

आणि ती कोरल ब्यूटी.

खारट_पाणी
ती आजवर एकाही कोरलला तोंड लावत नाही. तरी धोका?

रीफ_काकू
हो. कोरल सोडणारा एंजलही मँटलचा लचका तोडतो. दोन-तीनदा टोचलं की क्लॅम मिटून बसतो, मिटला की उजेड बंद, आणि मग आठवड्याभरात कशाने गेला ते कळत नाही. एंजल किंवा क्लॅम, एकच ठेवा.

शिंपलेबाज
आणल्यावर तासभर थेंबाथेंबाने टँकचं पाणी मिसळा. लाइट निम्म्यावर आणा आणि दोन-तीन आठवड्यांत चढवा. वाळूत एक चपटा दगड पुरून त्यावर ठेवा, मँटल वर. खालच्या फटीतून तो धागे सोडून दगडाला चिकटतो. एकदा चिकटला की ओढायचा नाही. पाय फाटला तर क्लॅम सहसा वाचत नाही. हलवायचाच असेल तर धागे दगडालगत ब्लेडने कापा. तांब्याचं औषध टँकमध्ये कधीही नको.

कोथरूडकर
हाच डेरासा पुण्यात ठेवता येईल?

रीफ_काकू
नाद सोडा. हे क्लॅम साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, परवान्याशिवाय आणता येत नाहीत. आपल्याकडचे मॅक्सिमा, स्क्वामोसा तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत.

शिंपलेबाज
खारट_पाणी, एक राहिलं. आणल्या दिवशीच क्लॅम उलटा करून फटीभोवती आणि कवचाच्या खालच्या कडेला बघा. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान पांढऱ्या गोगलगायी दिसल्या तर त्या पिरॅमिडेलिड, सोंड खुपसून क्लॅमचा रस शोषतात. टँकच्या पाण्यात धरून मऊ टूथब्रशने घासा, जेलीसारखी अंडी चिकटलेली असतील तीही. दर चार-पाच दिवसांनी पुन्हा बघा, महिनाभर. रात्री टॉर्च मारलात तर लवकर सापडतात. सिक्सलाइन काही टिपेल, सगळ्या नाही.