प्रतिसाद: कोळसा-पाणी कुठे ठेवणार?
पटावरच्या युद्धखेळातल्या मॉडेलचं चिलखत जाड आणि धुराडं उंच केलं की झाला वाफेचा रणगाडा, हे वरच्या पोस्टमधलं म्हणणं अर्धंच पटलं. दिसतो झकास, पण कोळसा-पाणी ठेवणार कुठे? दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी इंग्लंडमधल्या लीड्सच्या जॉन फाउलर कंपनीने १९०० च्या सुमारास खरोखरच चिलखती ट्रॅक्शन इंजिनं (रस्त्यावरून जड वॅगन ओढणारी वाफेची इंजिनं) बनवली होती. अख्खं इंजिन पोलादी पेटीत, मागे चिलखती वॅगन. त्यांचे फोटो बघून मी माझं २८ मिमी मापाचं (म्हणजे ज्यात माणसाची बाहुली साधारण २८ मिमी उंच असते) मॉडेल मोडून पुन्हा केलं. आता मागे कोळशाची पेटी आहे, पोटाखाली पाण्याची टाकी, आणि ओढ्यातून पाणी खेचायला बाजूला गुंडाळलेला पाइप (इअरफोनची जुनी वायर, दुसरं काय!).

मग खेळात नियमही घातला: सहा फेऱ्यांनंतर पाणी भरायचं, नाहीतर गाडी जागेवर ठप्प. आधी पटावरचा ओढा नुसता शोभेला होता, आता सगळी मारामारी त्याच्याच काठावर होते. मॉडेलवर रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची गोल डोकी) दाखवायला पांढऱ्या गोंदाचे थेंब द्यायचे असतील तर दोनदा द्या, वाळल्यावर पार चपटे होतात.