मदत हवी आहे: घरी जिवाणू खरोखर दिसतील असा परवडणारा मायक्रोस्कोप कोणता?

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शेती करतो. कोरडवाहू वावर, सोयाबीन आणि तूर. यंदा पेरणीआधी नेहमीसारखं बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूंचं खत) लावत होतो, 10 किलोला 250 ग्रॅमचं पाकीट. नववीतली मुलगी मदतीला बसली होती. ती काळी पावडर तळहातावर घेऊन म्हणाली, "बाबा, याच्यात जिवंत जिवाणू आहेत म्हणता, मले तर नुसती माती दिसते."

परवा पेरणीला 40 दिवस झाले. तिनं एक झाड मुळासकट उपटून आणलं, बादलीत धुतलं. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या. एक नखानं फोडली तर आतून गुलाबी निघाली. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, हवेतला नत्र धरायचं काम चालू असल्याची खूण, एवढं मी सांगू शकलो. पण ते काम करणारा जिवाणू डोळ्यानं दाखवा हा तिचा हट्ट आहे, आणि आता माझाही. 20 वर्षं बियाण्याला लावतोय, एकदाही पाहिला नाही.

मागच्या महिन्यात मोबाईलला जोडायचा डिजिटल मायक्रोस्कोप ऑनलाइन मागवला. खोक्यावर 1600 पट छापलेलं. माव्याचे पाय, कापसाचा तंतू, पानावरची लव झकास दिसते. गाठीचा रस काचेवर ठेवला तर फक्त गुलाबी डाग. 1800 रुपये गेले, म्हणून या वेळी आधी विचारतोय. शास्त्रज्ञ मनु प्रकाश यांच्या फोल्डस्कोप या कागदी मायक्रोस्कोपबद्दलही वाचलं. स्वस्त आहे, पण त्याची ताकद 140 पट आणि रायझोबियम जेमतेम 1 ते 3 मायक्रॉनचा, तेव्हा तिथं भागेल असं वाटत नाही.

बजेट 10 हजार. सोयाबीन विकल्याशिवाय त्यापुढे जाता येणार नाही. 40 पटीचं भिंग पुरेल की 100 चं लागेलच? आरशाचा घ्यावा की लाइटचा? दिवसा मुलगी शाळेत असते आणि संध्याकाळी आमच्याकडे लाइन हमखास जाते. शिवाय कॉलेजनं काढून टाकलेला जुना मिळाला तर घ्यावा का?

प्रतिसाद

भाऊ, मी अमरावतीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रोज हेच पाहते. खोक्यावरचा आकडा सोडा, भिंगावर कोरलेले आकडे वाचा. 40 च्या भिंगावर 0.65 असतं. त्यात जिवाणू नुसते ठिपके दिसतात. तुम्हाला 100 आणि 1.25 असं कोरलेलं, तेलात बुडवून वापरायचं भिंग हवं. हा दुसरा आकडा बारीक तपशील वेगळा दाखवायची ताकद सांगतो. तो कमी असेल तर पट कितीही वाढवा, धूसर चित्रच मोठं होतं. 10 च्या आयपीससोबत (डोळा लावायचं भिंग) ते 1000 पट होतं, घरी त्यापुढे जायची गरज नाही.

स्लाइडच्या खाली, वर-खाली सरकणारा ॲबे कंडेन्सर (प्रकाश एकवटणारं भिंग) आणि आयरिस (प्रकाश कमी-जास्त करायची झडप) हवाच. स्वस्तातल्या शाळकरी मॉडेलमध्ये नेमका हाच गाळलेला असतो. 100 च्या भिंगाला प्रकाश भरपूर लागतो, संध्याकाळी आरसा कामाचा नाही. चार्ज होणारा एलईडी घ्या.

जुना घ्यायला हरकत नाही, फक्त भिंग उजेडासमोर धरून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर सोडून द्या. आणि बारीक फोकसचा नॉब फिरवून हात काढल्यावर फोकस आपोआप खाली घसरत नाही ना, तेही पाहा.

यंत्रापेक्षा लोक फसतात ते स्लाइडमध्ये. न रंगवता जिवाणू जवळपास पारदर्शक असतो. दह्याच्या वरच्या पाण्यापासून सुरुवात करा. त्याचा थेंब काचेवर पातळ पसरा, वाळू द्या, काच ज्योतीवरून 2-3 वेळा झपकन फिरवा, मिथिलीन ब्लू हा निळा रंग मिनिटभर ठेवून हलकं धुवा. वाळल्यावर तेलाचा एक थेंब आणि 100 चं भिंग. निळ्या काड्या आणि मण्यांच्या माळा दिसल्या की हात बसला समजा, मग गाठ चिरडून तेच करा. तेल इमर्शनचंच, म्हणजे या भिंगासाठी मिळणारं, खोबरेल नको. काम झालं की भिंग ‘लेन्स पेपर’नं, म्हणजे भिंगासाठीच्या मऊ कागदानं, पुसायचं.

पैसे देण्याआधी तालुक्याच्या सायन्स कॉलेजात तुमची रंगवलेली स्लाइड घेऊन जा, एकदा पाहू देतील.

धागाकर्ता

ताई, खूप आभार. कंडेन्सरचं कुणीच सांगितलं नव्हतं. एका दुकानदारानं 100 चं भिंग आहे म्हणून फोटो पाठवला होता, आता मोठा करून पाहिला तर खाली नुसता आरसा आहे. मुलगी दही विरजून बसली आहे, रविवारी कॉलेज बंद म्हणून सोमवारी जाऊ. तोवर गाठी कशा ठेवाव्यात? फ्रिजमध्ये ओल्या कापडात गुंडाळून चालतील, की सोमवारी सकाळी ताजं झाडच उपटून न्यावं?