हो ची मिन्ह घडला कुठे? बोटीवर, पॅरिसात की गावातच?

भांडीवाला_बाबू
परवा एकाने ठासून सांगितलं की व्हिएतनामचा क्रांतिकारी नेता हो ची मिन्ह म्हणजे मॉस्कोत तयार झालेला माल. मला अजिबात पटत नाही. माझं मत, हा माणूस घडला तो मॉस्कोला जायच्या बारा वर्षं आधीपासून, परदेशात पडेल ती कामं करत. ५ जून १९११ ला फ्रेंचांच्या ताब्यातल्या सायगावहून फ्रेंच बोटीवर चढला तो स्वयंपाकघरातला हरकाम्या म्हणून, वय २१, नाव सांगितलं 'बा'. मार्सेयला उतरल्यावर कॅफेत वेटर त्याला चक्क 'मस्यो' म्हणाला, आणि रस्त्यावर गरीब फ्रेंच बाया दिसल्या. सायगावात साहेब म्हणजे देवच, इथे बघतो तर साहेबाच्या देशातही लोक उपाशी! पुढे लंडनच्या हॉटेलात किचनमधे राबला, पॅरिसात फोटो रिटच करून पोट भरलं. साम्राज्य मागच्या दाराने बघितलेला माणूस आहे हा.

उलटतपासणी
गोष्ट छान आहे हो, पण सांगितली कुणी? ते 'मस्यो' वगैरे सगळं ज्या चरित्रात आहे त्यावर लेखक म्हणून त्रान दान तिएन असं नाव आहे आणि ते हो ची मिन्हनेच टोपणनावाने लिहिलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे आरोपीच साक्षीदार. आणि घडायला बोट कशाला पाहिजे? याचा जन्मतालुका नाम दान बघा, फ्रेंचांविरुद्ध लढणारा फान बोई चाऊ तिथलाच, याच्या वडिलांच्या उठबशीतला. १९०८ ला ह्युएमधे करांविरुद्ध शेतकरी रस्त्यावर आले तेव्हा हा तिथेच शिकत होता. फ्रेंचांवरचा राग बोटीत चढायच्या आधीच होता.

भांडीवाला_बाबू
@उलटतपासणी राग होता ना, मग सप्टेंबर १९११ मधे मार्सेयहून फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाला अर्ज का केला की मला वसाहतींचे अधिकारी तयार करणाऱ्या शाळेत घ्या म्हणून? हे पत्र तरी खरं आहे, फ्रेंच दप्तरात पडलंय. नकार आला. १९१९ ला व्हर्सायच्या शांतता परिषदेच्या वेळी फान चू त्रिन्ह वगैरे पॅरिसातल्या व्हिएतनामी देशभक्तांबरोबर आठ मागण्या दिल्या त्यातही देशाच्या स्वातंत्र्याची मागणी नाही, कायद्यापुढे समानता, छापायचं स्वातंत्र्य, शाळा, राजकीय कैद्यांना माफी वगैरे, बस एवढंच, आणि तेही कुणी ढुंकून बघितलं नाही. पण डिसेंबर १९२० ला फ्रेंच समाजवाद्यांच्या तूरच्या अधिवेशनात हाच माणूस फ्रेंच कम्युनिस्ट पक्ष काढणाऱ्यांत. मधल्या नऊ वर्षांत काही झालं की नाही?

तिखटमीठ
यात आपल्याकडचा एक धागा सुटतोय. १९२० च्या जुलैत त्याने पॅरिसच्या ल्युमानिते या समाजवादी पेपरात लेनिनचा वसाहतींवरचा मसुदा वाचला आणि पलटला, हे त्याने स्वतः नंतर लिहिलंय, वर असंही की तेव्हा मला ओढलं ते देशप्रेमाने, कम्युनिझमने नाही. त्याच मसुद्यावर त्याच उन्हाळ्यात मॉस्कोत लेनिनशी वाद घालत होते आपले मानवेंद्रनाथ रॉय, की वसाहती सुटल्याशिवाय युरोपात क्रांती होणारच नाही. आता हे वाचायला पॅरिसच लागतं. पुढे १९२२ ला ल पारिया हा पेपर काढला तर तो इंडोचायनात (व्हिएतनाम त्यातच आला) खलाशांकरवी चोरून न्यावा लागायचा. तेव्हा परदेश म्हणजे फक्त अनुभव नाही, छापलेला कागद बिनधास्त हातात मिळणं.

जमिनीवरचा_माणूस
सगळे पॅरिसलाच चिकटलेत. होनंतर पक्ष चालवणारा ले झुआन कुठल्या पॅरिसात घडला? कोन दाओ बेटावरच्या तुरुंगात! सेनापती ज्याप हनोईत इतिहास शिकवत होता, १९४० पर्यंत देशाबाहेर नाही. १९३० ला हो ची मिन्हच्याच न्घे आन प्रांतात शेतकऱ्यांनी सोव्हिएट म्हणजे स्वतःच्या पंचायती उभ्या केल्या तेव्हा तो परदेशातच, दुसऱ्याच वर्षी हाँगकाँगला ब्रिटिशांच्या कोठडीत. आणि १९४५ ला लोक व्हिएत मिन्ह या त्याच्या स्वातंत्र्य आघाडीमागे गेले ते लेनिन वाचून नाही, उत्तरेत दुष्काळात लाखो मेले आणि व्हिएत मिन्हने भाताची कोठारं फोडली म्हणून.

भांडीवाला_बाबू
कोठारं फोडणारे कितीही असतील हो, पण २ सप्टेंबर १९४५ ला हनोईच्या बा दिन्ह मैदानात स्वातंत्र्याच्या घोषणापत्राची सुरुवातच १७७६ च्या अमेरिकन जाहीरनाम्याने आणि १७९१ च्या फ्रेंच हक्कांनी करायची हे कुणाला सुचलं असतं? मालकाच्याच तोंडचे शब्द मालकाला ऐकवायचे, हे मालकाच्या घरी राहिलेल्यालाच जमतं.

उलटतपासणी
ती चाल होती साहेब, अमेरिकेला खूश करायची. तेव्हा हनोईत ओएसएस या अमेरिकन हेरखात्याची माणसं बसली होती. नंतर ट्रुमनला पत्रं पाठवली, उत्तर नाही.

सदाफुली
चाल असली तरी ती सुचायला ते जग माहीत पाहिजे ना. आणि मॉस्कोवाल्या थिअरीबद्दल, १९३४ ते ३८ तो मॉस्कोतच होता आणि कॉमिन्टर्नने, म्हणजे मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेने, त्याला चक्क बाजूला बसवलेलं, तो फारच राष्ट्रवादी वाटायचा म्हणून. तिथे तयार झालेल्या मालाला अशी वागणूक देतात होय?

जमिनीवरचा_माणूस
ठीक आहे, मॉस्को बाद. पण १९४१ च्या सुरुवातीला तीस वर्षांनी परत आला तेव्हा चीनच्या सीमेजवळ पाक बोच्या गुहेत राहून तिथल्या नुंग जमातीच्या लोकांसारखे कपडे घालून त्यांच्यात मिसळला, ते काय लंडनच्या हॉटेलात शिकला? लहानपणी आईबापाबरोबर न्घे आनहून ह्युएपर्यंत पायी गेलेलं पोर ते, आणि बोटीत चढायच्या आधी फान थिएतला मास्तरकीही केलेली. याचं उत्तर द्या, मग बोलू.