मदत हवी आहे: बायझंटाईन ब्राँझ क्रॉसवर पोपटी पूड येते आहे (आणि मुळात अस्सल आहे का?)

मेणाचा_ठसा

नमस्कार मंडळी. जर्मनीतल्या लिलावातून आलेल्या दोन वस्तूंबद्दल सल्ला हवा आहे. सध्या त्या ठाण्यात आहेत.

पहिली, ब्राँझचा क्रॉस. उंची ७.८ सेंमी, रुंदी ४.६ सेंमी, वजन २१ ग्रॅम. समोर हात वर करून उभी मेरी, कोरीव रेषांमध्ये. पाठ पोकळ, कडेने उभी किनार, वर-खाली बिजागरीचे कान. पोकळीत थोडी माती आहे. लिलावाच्या नोंदीत एवढंच: 'बायझंटाईन, १० ते १२ वे शतक, जुन्या युरोपीय खासगी संग्रहातून' (बायझंटाईन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातला).

दुसरी, शिशाचा शिक्का. २४ मिमी, ९ ग्रॅम. एका बाजूला संत, दुसऱ्या बाजूला ग्रीक अक्षरांच्या ओळी.

दोन्ही सागवानी डबीत मखमलीवर ठेवलेल्या. जुलैपासून क्रॉसच्या कानांपाशी फिकट पोपटी पूड येते, पुसली तरी आठवड्याभरात परत. शिक्क्याच्या कडेला पांढुरकं काहीतरी आलंय.

प्रश्न: (१) पूड कशी थांबवायची? (२) वस्तू अस्सल आहेत का, कसं ओळखायचं? (३) पुढेमागे परदेशात विकता येतील का? फोटो जोडले आहेत.

काशाची_वाटी

आधी डबी बदला, बाकी सगळं नंतर. आजच.

लाकडातून सेंद्रिय आम्लांची वाफ सुटत असते आणि शिशाला ती अजिबात सोसत नाही. ते पांढुरकं म्हणजे शिशाचं कार्बोनेट. शिक्का चोळू नका, पाण्यात घालू नका, हाताळल्यावर हात धुवा, मुलांपासून लांब ठेवा. पॉलिप्रोपिलीनची घट्ट झाकणाची डबी घ्या. पीव्हीसीचे पाऊच घेऊ नका, तेही आम्ल सोडतात.

क्रॉसवर जे आहे तो ब्राँझ डिसीज. एकदा खात्री करून घ्या: लाकडी टूथपिकने हलकेच टोचा. कडक, गडद हिरवं असेल आणि सुटत नसेल तर ती स्थिर पॅटिना (काळाने धातूवर बसलेला थर), तिला हात लावू नका. पिठासारखं सुटत असेल आणि खाली राखाडी, मेणचट खड्डा दिसत असेल तर रोग चालू आहे. जमिनीत असताना धातूत क्लोराइड मुरलेलं असतं. त्यातलं क्युप्रस क्लोराइड हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन घेऊन फुलतं, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल आतला ताजा धातू खाऊन पुन्हा क्युप्रस क्लोराइड बनवतं. म्हणून नुसतं पुसून भागत नाही. सापेक्ष आर्द्रता साधारण ४२ टक्क्यांच्या खाली आली की हे चक्र जवळजवळ थांबतं. ठाण्याचा जुलै कुठे आणि ४२ कुठे!

क्रम असा:

पोकळीतली माती घाईने काढून फेकायची नाही. हा क्रॉस म्हणजे एनकोल्पियन, अवशेष ठेवण्याच्या दुपाकळी क्रॉसची एक पाकळी. मातीत मेण, लाकूड किंवा धाग्याचा तुकडा असू शकतो. भिंगाखाली बघून, फोटो काढून, माती वेगळ्या पिशवीत ठेवा. मगच पुढे.

दहापट भिंगाखाली बांबूच्या काडीने पूड आणि खड्ड्यातला मेणचट थर काढा. स्टीलचा ब्रश नको. मग अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून तेलकटपणा घालवा, खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब.

नंतर बेन्झोट्रायझोल या गंजरोधक रसायनाचं ३ टक्के द्रावण, म्हणजे १०० मिली अल्कोहोलमध्ये ३ ग्रॅम. शुद्ध इथेनॉलला परवाना लागतो, आयसोप्रोपिल चालतं. काचेच्या झाकणाच्या बरणीत २४ तास. नायट्रिल हातमोजे हवेतच, हे रसायन विषारी आहे. स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नका. बाहेर काढून अल्कोहोलने पुसा, नाहीतर पांढरे स्फटिक राहतात. द्रावण हिरवट झालं असेल तर पुन्हा वापरू नका.

परीक्षा: बंद डबीत ओला कापूस (क्रॉसला न टेकता) आणि क्रॉस, २४ तास. नवे पोपटी ठिपके आले तर सगळं पहिल्यापासून. नाही आले तर सिलिका जेलमध्ये दोन दिवस वाळवून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचे दोन पातळ हात.

साठवण: डबीच्या लिटरमागे कमीत कमी २० ग्रॅम वाळलेलं सिलिका जेल, पावसाळ्यात ५०. सोबत छोटा आर्द्रतामापक. जेल नारिंगी घ्या. निळ्यात विषारी कोबाल्ट क्लोराइड असतं.

आणि हो, देवघरातल्या समईला चालतात ती चिंच, लिंबू, पितांबरी इथे चालणार नाहीत. पॅटिना गेली की कोरीव रेषांचा पुरावाही गेला.

जुना_दिनार

डिस्टिल्ड वॉटरमध्ये महिनाभर ठेवा, रोज पाणी बदला. नाण्यांना तरी हेच करतात. नाहीतर सोडियम सेस्क्विकार्बोनेट या क्षाराच्या ५ टक्के द्रावणात.

काशाची_वाटी

@जुना_दिनार, माती सुटी करायला नाण्यांना पाणी ठीक आहे. इथे रोग चालू आहे, पाणी म्हणजे त्याला खाद्य. सेस्क्विकार्बोनेट क्लोराइड ओढून काढतं हे खरं, पण आठवडे लागतात आणि वर कॅल्कोनाट्रोनाइट नावाचा निळसर थर बसतो, पॅटिनाचा रंग बदलतो. दीडेक मिमी जाडीच्या पाकळीवर मी तरी करणार नाही. शिक्क्याला यातलं काहीच लागू नाही, बेन्झोट्रायझोलही नाही. शिसं फक्त कोरडं आणि आम्लापासून दूर.

कोपऱ्यातला_भिंगवाला

प्रश्न २ बद्दल. फोटोवरून छातीठोकपणे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. काय बघायचं ते सांगतो.

कोरीव प्रकारात आकृती ओतल्यानंतर कोरलेली असते. भिंगाखाली रेषेची कड तीक्ष्ण दिसते, छिन्नी थांबली तिथे खाच दिसते, आणि पॅटिना रेषेच्या तळापर्यंत सलग जाते. अस्सल क्रॉसचा साचा घेऊन ओतलेल्या नकलेत त्याच रेषा गोल, मऊ होतात, खाचांत बुडबुड्यांचे बारीक खळगे राहतात. पण ओतीव म्हणजे नकली असा नियम करू नका. उठावाच्या आकृतीचे क्रॉस त्या काळीही साच्यातूनच निघत.

कान बघा. साधारणपणे एका पाकळीच्या कानांच्या जोडीत दुसरीचा कान बसतो आणि आरपार खिळा जातो. भोक खरंच आरपार आहे का? वरच्या कानात लोंबकळण्याने आलेली झीज आहे का? नकलेत भोक बुजलेलं असतं किंवा आजच्या ड्रिलने सरळसोट पाडलेलं.

पॅटिनावर अ‍ॅसिटोनचा कापूस फिरवा. हिरवं उतरलं तर रंग. उतरलं नाही तर अस्सल, असं मात्र नाही. रासायनिक पॅटिना अ‍ॅसिटोनला दाद देत नाही. खऱ्यात हिरव्याखाली लालसर क्युप्राइटचा (तांब्याच्या ऑक्साइडचा) थर असतो. पूड काढलेल्या खड्ड्याच्या कडेला तो बघून घ्या, आयती संधी आहे.

'एक्सआरएफमध्ये (क्ष-किरणांनी धातू ओळखण्याच्या तपासणीत) जस्त निघालं म्हणजे नकली' हेही ऐकाल. बायझंटाईन कारागीर पितळही वापरत. शिवाय ती तपासणी पृष्ठभागापुरतीच.

शिक्का सोपा आहे. बुलोटेरियन नावाच्या लोखंडी चिमट्यात दोन्ही बाजू एकदम दाबत, आणि दोरा जाण्यासाठी शिशाच्या चकतीत आधीच नळी असे. कडेवर समोरासमोर दोन तोंडं दिसली पाहिजेत, आणि चीर असेल तर बहुधा त्या नळीच्या रेषेतच. नळी नाही आणि कडेला साच्याची शिवण आहे, तर विषय संपला. वॉशिंग्टनच्या डम्बार्टन ओक्स या संशोधन संस्थेकडे सुमारे १७,००० शिक्के आहेत, बरेचसे ऑनलाइन फोटोंसह. तुमच्या ओळी तिथे शोधा. एकाच चिमट्याचे दोन शिक्के सापडणं चांगलं लक्षण; पण ठसा तेवढाच सरकलेला आणि चीरही त्याच जागी असेल तर एक दुसऱ्याची ओतीव नक्कल.

कलम_तीन

प्रश्न ३: जवळजवळ नाहीच.

पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ मध्ये १०० वर्षांहून जुनी कलावस्तू वा नाणं म्हणजे पुरावस्तू. ती भारतात घडलेली असावी अशी अट नाही. निर्यात फक्त केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था करू शकते. म्हणजे आत आलेली वस्तू खासगी व्यक्तीला बाहेर पाठवता येत नाही, दुरुस्तीच्या नावाखाली कुरिअरनेही नाही. धातूची शिल्पं नोंदणीच्या यादीत आहेत. कोरीव क्रॉस त्यात धरतात का हे पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याला लेखी विचारा. तपासणीत नक्कल निघाली, तर 'पुरावस्तू नाही' असा दाखला मिळतो आणि मग ती बाहेर जाऊ शकते. गंमत आहे, पण तसंच आहे.

'जुन्या युरोपीय खासगी संग्रहातून' हे वाक्य पुरावा नाही. लिलाव कंपनीकडे तारीख असलेलं जुनं बिल, जुना कॅटलॉग किंवा फोटो मागा. अशा वस्तू बऱ्याचदा तुर्कस्तान, बल्गेरिया, सीरियाच्या जमिनीतून आलेल्या असतात. तुर्कस्तानात १९८३ च्या २८६३ क्रमांकाच्या कायद्याने त्या सरकारी मालकीच्या. युरोपीय संघात २८ जून २०२५ पासून, संघाबाहेर सापडलेल्या २५० वर्षांहून जुन्या उत्खननातल्या वस्तूंना आयात परवाना लागतो.

मेणाचा_ठसा

सगळ्यांचे आभार. डबी बदलली. शिक्क्याला नळी आहे, दोन्ही तोंडं दिसतात. आणखी एक: संत मेनासची (इजिप्तमधल्या ख्रिस्ती संताच्या यात्रेकरूंची) मातीची कुपी घ्यावी का? आणि अवांतर, 'कल्याणच्या खाडीत सापडलेला बायझंटाईन क्रॉस' अशी एक जाहिरात दिसली.

कोपऱ्यातला_भिंगवाला

कुपीला उलटा नियम. अलेक्झांड्रियाजवळच्या अबू मीनात त्या दोन अर्ध्या साच्यांतून काढत, मान आणि कान नंतर चिकटवत. त्यामुळे कडेची शिवण तिथे दोष नाही. दोन उंटांच्या मध्ये हात पसरलेला संत स्पष्ट हवा. इजिप्तमध्ये ११७ क्रमांकाच्या कायद्याने १९८३ मध्ये व्यापार बंद झाला, तेव्हा त्याआधीचा कागद नसेल तर सोडून द्या. घेतलीत तर आतल्या क्षारांकडे लक्ष ठेवा. हवा ओली-कोरडी होत राहिली की पांढरे स्फटिक फुलतात आणि पापुद्रे सुटतात.

कलम_तीन

कल्याणची जाहिरात विसरा. सहाव्या शतकातल्या कॉस्मास या ग्रीक प्रवाशाने 'कल्लियाना'चा (बहुधा कल्याण) आणि तिथल्या इराणहून नेमलेल्या बिशपचा उल्लेख केलाय, विक्रेते त्याच धाग्यावर माल विकतात. दक्षिण भारतात बायझंटाईन सोन्याची नाणी सापडली आहेत हे खरं. पण भारतात जमिनीत सापडलेली मौल्यवान वस्तू १८७८ च्या निखात निधी कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. सापडली असेल तर न कळवता ती विकायला काढणं बेकायदा, आणि सापडली नसेल तर जाहिरात खोटी.