प्यादं खायचं, मारायचं की घ्यायचं?

तिरकी_चाल: सोसायटीतल्या मुलांसाठी बुद्धिबळातल्या बॉबी फिशर-बेंट लार्सन डावावर (पोर्टोरोझ, १९५८) मराठीत टिपण लिहितेय. अठराव्या खेळीला फिशरचं प्यादं एच५ वर (एच या उभ्या रांगेतलं पाचवं घर) येतं. लार्सनला ते प्याद्यानं मारता येत होतं, घोड्यानंही. त्यानं हात लावला नाही, हत्ती सी८ वर नेला. मी लिहिलं, ‘लार्सननं प्यादं खाल्लं नाही’. टिपण तपासणाऱ्या काकांनी ‘खाल्लं’ खोडून ‘मारलं’ केलं. म्हणाले, खाणं पोरकट वाटतं. माझी अडचण वेगळीच आहे. ‘खा’ म्हटलं की मुलं खातातच! आत्ता घ्यायचं, थांबून घ्यायचं की घ्यायचंच नाही, एवढा विचार मावेल असा शब्द हवाय.

कोकणकडा: आमच्या रत्नागिरीच्या घरी ‘खाल्लं’च. आजोबा ओटीवर पट मांडायचे. लाकडी सोंगट्या, एका उंटाची मान तुटलेली. मी घाईनं प्यादं उचललं की म्हणायचे, ‘खाल्लंस? आता पचव.’ त्यात पोरकट काय आहे?

शुद्धमती: सोंगट्या सारीपाटात, बुद्धिबळात मोहरी. आणि हे सैन्य आहे, तेव्हा ‘मारणे’च योग्य. खरं तर ‘प्यादं’ही नको, ‘पदाती’ लिहा. आपला शब्द असताना फारसी कशाला?

अडकित्ता: मग वजीर, शह, मात कुठे ठेवणार? फारसी ‘पियादा’ म्हणजे पायी चालणारा. ‘पदाती’ही पायावरूनच, आणि इंग्रजी ‘पॉन’सुद्धा लॅटिनमधल्या पायावरून. सगळं एकच पायदळ आहे हो. मुलांच्या तोंडी ‘प्यादं’ रुळलंय, ते काढू नका.

कृष्णाकाठ: सांगलीला स्पर्धा खेळायचो तेव्हा आमच्यात ‘घेतलं’ चालायचं. पण त्याआधीचा शब्द विसरताय: ‘जोर’, म्हणजे मोहऱ्याला पाठीमागून दुसऱ्या मोहऱ्याचा आधार. जोर आहे का ते बघ, मग घे. इथे फिशरच्या एच१ वरच्या हत्तीचा जोर आहेच. घोड्यानं घेतलं, तर काळ्या घरांवरचे उंट मारामारीत जातात, फिशरचं प्यादं जी४ वर आलं की घोडा मागे हटतो आणि त्याचा वजीर एच६ वर येऊन राजाच्या उरावर बसतो. प्याद्यानं घेतलं, तर राजापुढची भिंत आपणच पाडली.

शुद्धमती: ‘मारामारी’ हा शब्द छापू नये. ‘अदलाबदल’.

कोकणकडा: अदलाबदल पुस्तकांची होते, उंटांची मारामारीच. पण न घेऊनही लार्सन हरलाच ना? मग मुलांना काय सांगणार?

कृष्णाकाठ: हरला, ३१ खेळ्यांत. फिशरनं हत्ती देऊन नंतर एच५ वर आलेला घोडा घेतला आणि तेविसाव्या खेळीला प्यादं जी६ वर ढकललं. तेही लार्सननं घेतलं नाही. फिशरच्या बी३ वरच्या उंटाची नजर थेट लार्सनच्या राजावर, मधे फक्त एफ७ चं प्यादं. ते हललं की राजाला शह, म्हणजे खेळीच बेकायदा.

अडकित्ता: मग दोन वाक्यं वेगळी हवीत. एच५ ला ‘घेतलं नाही’, जी६ ला ‘घेता आलं नाही’. पहिलं मनानं, दुसरं नाइलाजानं.

तिरकी_चाल: हे फार छान. तसंच लिहिते. पण काकांना ‘घेतलं’ चालेल का? त्यांच्या मते घेतात ते कॅरममध्ये.

शुद्धमती: काकांचं बरोबर आहे.

कोकणकडा: मधेच विचारतो, मोहरा-मोहरे की मोहरं-मोहरी? आमच्याकडे दोन्ही ऐकलंय.