अर्धशिशीसाठी नाकातला स्प्रे, कुणी वापरलाय का?

सायली_नाशिक:
बहिणीला मायग्रेन आहे, अर्धं डोकं ठणकायला लागलं की थोड्या वेळात उलट्या सुरू, गोळी दिली की तीही बाहेर. आता डॉक्टरांनी सुमाट्रिप्टानचा नाकात मारायचा स्प्रे लिहून दिलाय. काल मारला तर घशात उतरला, इतका कडू की तिला अजूनच मळमळलं. नाकातून दिलेलं औषध दुखण्यावर खरंच लागू पडतं का? आणि घशात गेला म्हणजे वाया गेला का, परत मारायचा का?

केमिस्ट_सांगली:
पडतं की. नाकाच्या आत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, तिथून औषध सरळ रक्तात जातं, पोट आणि लिव्हर वाटेत येत नाहीत. मायग्रेनमध्ये पोटाचं काम मंदावतं, म्हणजे उलटी नाही झाली तरी गोळी तशीच पडून राहते. स्प्रेने कधीकधी १५ मिनिटांत उतार पडायला लागतो. आधी नाक शिंकरून घ्या, मान मागे टाकायची नाही, एक नाकपुडी दाबून दुसरीत मारायचा आणि श्वास हळू, जोरात ओढलं की घशातच जाणार. सिंगल डोसवाला असेल तर चालतोय का बघायला हवेत दाबू नका, संपला तिथेच! घशात गेलेला पोटातून लागू होतो, लगेच दुसरा नको. त्रास थांबून परत सुरू झाला तरच, किमान २ तासांनी, आणि २४ तासांत ४० मिलिग्रॅमच्या वर नाही.

नर्स_लीड्स:
इथे यूकेत मी मुलांच्या इमर्जन्सीत आहे. हात मोडलेलं पोर सुई बघूनच किंचाळतं, त्याला डायमॉर्फिन किंवा फेंटानिल ही जोरदार वेदनाशामकं नाकातून देतात, सिरिंजला बारीक फवारा करणारं टोक लावून. औषध अगदी थोडं हवं, एका नाकपुडीत १ मिलीच्या वर गेलं की ओघळून घशात जातं. पोराला सुई टोचावी लागत नाही हे मला फार मोलाचं वाटतं. अर्थात ही ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची औषधं, श्वासावर लक्ष ठेवून हॉस्पिटलमध्येच. बहिणीचा स्प्रे त्यातला नाही, सवय लागेल म्हणून घाबरू नका.

मीनल_ठाणे:
पण हार्टचा त्रास किंवा कंट्रोलमध्ये नसलेलं बीपी असेल तर सुमाट्रिप्टान चालत नाही, रक्तवाहिन्या आकसतात त्याने. शिवाय महिन्यात १० किंवा जास्त दिवस घेतलं तर औषधामुळेच डोकं दुखायला लागतं.

सायली_नाशिक:
बीपी नॉर्मल आहे तिचं, हार्टचंही काही नाही. पण साध्या पेनकिलर ती जवळजवळ रोज घेते, ते डॉक्टरांना सांगितलेलंच नाहीये, उद्याच फोन करते.