‘अविश्वास ठराव जिंकला’ हे कसं काय?

६ जून २०२२ ला ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या नेतृत्वावर त्यांच्याच हुजूर पक्षाच्या खासदारांनी मतदान केलं. बाजूने २११, विरोधात १४८. या प्रसंगावर लिहिताना ‘जॉन्सन यांनी अविश्वास ठराव जिंकला’ अशी वाक्यं सर्रास दिसतात आणि मला ती खटकतात. अविश्वास ठराव जिंकला तर विरोधक जिंकायला हवेत ना? इथे नेमकं काय लिहावं?

प्रतिसाद १
खटकणं रास्तच. ठराव संमत होतो किंवा फेटाळला जातो. जिंकायचं असतं ते मतदान. ‘ठराव बारगळला’ हेही नको, मतदानापर्यंत पोचलाच नाही तो ठराव बारगळतो.

गंमत बघा. मार्च १९७९ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान कॅलहॅन यांचं सरकार ३११ विरुद्ध ३१० मतांनी गेलं, एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयींचं २७० विरुद्ध २६९ मतांनी. दोन्हीकडे फरक एका मताचा. पण ब्रिटनमध्ये अविश्वासाचा ठराव संमत झाला म्हणून सरकार पडलं आणि भारतात विश्वासदर्शक ठराव फेटाळला गेला म्हणून. ‘जिंकला’ लिहिलं की नेमकी हीच भानगड पुसली जाते.

प्रतिसाद २
मुळात जॉन्सन प्रकरणात सभागृहाचा संबंधच नव्हता. पक्षाच्या १५ टक्के खासदारांनी (तेव्हा ५४) ‘१९२२ समिती’च्या (पक्षाच्या मंत्री नसलेल्या खासदारांची समिती) अध्यक्षांकडे पत्रं दिली की नेत्यावर गुप्त मतदान घ्यावं लागे. हरला तर नेतेपद जातं. सरकार त्याच पक्षाचं राहू शकतं. म्हणून ‘पक्षांतर्गत विश्वासमत’ म्हणावं. जॉन्सन यांच्या आधीच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी दोन्ही पाहिलं. डिसेंबर २०१८ मध्ये पक्षात २००–११७ असा कौल मिळाला. पुढच्याच महिन्यात मजूर पक्षाने सभागृहात आणलेला अविश्वास ठराव ३२५–३०६ असा फेटाळला गेला.

मूळ प्रश्नकर्ता
हे पटलं. पण क्रियापद? ‘तरले’ कसं वाटतं?

प्रतिसाद १
‘तरले’ नको. तरणारा पैलतीरी पोचलेला असतो, त्याचं संकट संपलेलं असतं. ‘बचावले’ मध्ये थोडक्यात सुटल्याचा, नशिबाचा भाग येतो. ६३ मतांच्या फरकाला ते शोभत नाही. ‘निसटता विजय’ही त्याच कारणाने बाद. माझं मत ‘तगले’ला. मुळं हललेलं रोप तगतं तसं: उभं आहे, जोम नाही. स्वतःच्याच पक्षातले ४१ टक्के खासदार विरोधात गेलेल्या नेत्याला दुसरं काय म्हणणार? महिन्याभरात, ७ जुलैला, मंत्र्यांच्या राजीनाम्यांची रांग लागल्यावर त्यांनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलंच.

प्रतिसाद ३
आणि थॅचर? नोव्हेंबर १९९० मध्ये पंतप्रधान असताना पक्षनेतेपदाच्या निवडणुकीत, पहिल्या फेरीत, त्यांना आव्हान देणाऱ्या हेसल्टाइन यांच्यापेक्षा जास्त मतं, २०४ विरुद्ध १५२. तरी नियमाप्रमाणे हवी असलेली आघाडी चार मतांनी हुकली आणि दोनच दिवसांत त्यांनी माघार घेतली.

प्रतिसाद १
त्या तगल्याही नाहीत. तिथे सरळ ‘आघाडी घेऊनही गेल्या’ लिहावं. ती विश्वासाची परीक्षा नव्हती, समोर उमेदवार होता, त्यामुळे ‘विश्वासमत’ हा शब्दही तिथे लागत नाही.

मूळ प्रश्नकर्ता
मग मथळा असा करतो: ‘विश्वासमतात जॉन्सन तूर्त तगले, १४८ खासदार विरोधात’.

प्रतिसाद २
‘तूर्त’ काढा. ‘तगले’त ते आलंच.